बूट होताना डिस्क, रॅम किंवा कार्ड गायब? मशीन दुकानात नेण्याआधी घरीच करायची तपासणी

तिसऱ्या मजल्यावरचे काका गणपती आटपून देवगडहून परतले, मेन स्विच वर केला, देवापुढे दिवा लावला आणि पीसी चालू केला. काळ्या स्क्रीनवर एकच पांढरी ओळ आली: बूट करायला डिव्हाइस सापडत नाही. त्यांनी ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. त्याने मशीन न बघताच निकाल दिला, ‘हार्डडिस्क गेली, नवीन टाकावी लागेल.’ काकूंच्या पोटात गोळा आला, कारण नातवाच्या बारशाचे सगळे फोटो त्या डिस्कमध्ये. प्रत्यक्षात डिस्क ठणठणीत होती. मदरबोर्डावरचा बटन सेल मेला होता. सेलचा आणि डिस्कचा संबंध काय, ते पुढे ओघात येईल.

कॉम्प्युटर चालू झाला की वर्गात घेतात तशी हजेरी होते, आणि ती एकदा नाही, निदान तीनदा होते. आधी बायोस (नव्या मशीनवर त्याला यूईएफआय म्हणतात, पण आपल्याकडे अजून सगळे बायोसच म्हणतात) रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, कीबोर्ड यांना हाका मारतो. मग तो ‘बूट कोणाकडून करायचं’ ही यादी बघतो. शेवटी विंडोज उठतं आणि स्वतःच्या ड्रायव्हरांच्या (वस्तू कशी चालवायची हे सांगणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने पुन्हा पहिल्यापासून हजेरी घेतं. वस्तू ‘गायब’ आहे म्हणजे यातल्या कुठल्या तरी एका हजेरीला तिने ‘ओ’ दिली नाही. कुठल्या हजेरीला, एवढं कळलं की निम्मं काम झालं. ते न कळता ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका.

## हात लावण्याआधी

विंडोज अजून उठत असेल आणि फक्त एखादी वस्तू दिसत नसेल, तर आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. आज अधूनमधून गायब होणारी डिस्क उद्या कायमची जाऊ शकते.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर, विशेषतः लॅपटॉपवर, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, आपल्या नकळत चालू झालेलं असतं. अशा मशीनच्या बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएमचं (सुरक्षेच्या चिपचं) सेटिंग हललं, की पुढच्या वेळी ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. दुसऱ्या फोनवर किंवा मशीनवर लॉगिन करून ती आधी उतरवून घ्या. की नसेल तर डेटाला रामराम.

आता कॅबिनेट उघडायचं. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्टॅटिक काढून टाका, आणि प्रत्येक केबल काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या मशीनला करंट पुरवणारा डबा मात्र कधीच उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोक्याचा करंट राहतो.

जुन्या चाळीत किंवा बिल्डिंगमध्ये राहत असाल तर आणखी एक बघा. चालू कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? तसं असेल तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. अर्थिंग नसताना एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर व्होल्टेज चढतं, म्हणून ती चुणचुण. ‘आमच्याकडे असंच येतं’ म्हणून सोडून देऊ नका. बाकीची तपासणी नंतर, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

## थंड मशीन की गरम मशीन?

कुठलाही पेच फिरवण्याआधी हे लक्षात घ्या: वस्तू नेमकी कधी दिसत नाही? रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी चालू करताना, की रीस्टार्ट केल्यावर, की दोन्ही वेळा?

सकाळी दिसत नाही, पण रीस्टार्ट केला की दिसते, हे जुन्या फिरत्या हार्डडिस्कचं ठरलेलं लक्षण. तिची चकती पूर्ण वेगात यायला काही सेकंद लागतात. मोटर म्हातारी झाली किंवा एसएमपीएस कमजोर पडला की तो वेळ वाढतो, आणि घाईतला बायोस हाक मारून पुढे निघून जातो. रीस्टार्टच्या वेळी चकती आधीच फिरत असते, म्हणून ती लगेच सापडते. बायोसमधला ‘फास्ट बूट’ बंद करा, त्याला जरा धीर येईल. मात्र हा इलाज तात्पुरता. तेवढ्या वेळात डेटा काढून घ्यायचा.

उलट, शटडाउन करून चालू केलं की वेबकॅम किंवा वायफाय गायब, आणि रीस्टार्ट केल्यावर हजर, असं असेल तर संशय विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवर घ्या. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. विंडोजचा गाभा आपली अवस्था डिस्कवर लिहून झोपतो आणि पुढच्या वेळी तीच अवस्था परत उचलतो, ड्रायव्हरच्या गोंधळासकट. रीस्टार्ट मात्र सगळं पहिल्यापासून करतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असं जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. एखाद्या वेळेपुरतंच बघायचं असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि शटडाउनवर क्लिक करा, मशीन खरोखर बंद होईल.

आणि दोन्ही वेळा गायब असेल, तर आधी सगळा करंट ओतून टाका. डेस्कटॉपचा प्लग काढून पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि बटण तीसेक सेकंद दाबा. ऐकायला अंगारा लावण्यासारखं वाटतं, मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. पण मशीन बंद असतानाही एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय करंट मदरबोर्डात खेळत असतो, त्यामुळे अडकलेला वायफाय चिप किंवा यूएसबी कंट्रोलर अडकलेलाच राहतो. करंट पूर्ण गेला की तो शुद्धीवर येतो. अचानक नाहीसं झालेलं वायफाय मी कितीदा तरी फक्त याने परत आणलंय.

## बायोसला दिसतंय का?

मशीन चालू करताच डिलीट किंवा एफ-२ टपटप दाबत राहा. काही कंपन्यांच्या मशीनवर एफ-१० किंवा एस्केप लागतो. विंडोज उठत असेल तर सोपा रस्ता आहे: शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

आत गेल्यावर काही बदलू नका, नुसतं वाचा. पहिल्या पानावर रॅम किती दिसते, स्टोरेजच्या पानावर कुठल्या डिस्कची नावं आहेत, बूटच्या यादीत कोण आहे आणि तारीख-वेळ बरोबर आहे का, या चारही गोष्टींचे फोटो काढा. हार्डवेअर मॉनिटरचं पान असेल तर १२ व्होल्टच्या ओळीचाही काढा. ११.४ ते १२.६ ही तिची चालणारी मर्यादा. त्याच्या बाहेर आकडा दिसला तर एसएमपीएसवर संशय घ्या, तरी मल्टिमीटरने खात्री करा, कारण बायोसचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात.

स्क्रीनच येत नसेल तर मदरबोर्डावर बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. हजेरी जिथे अडकते त्याचा दिवा पेटलेला राहतो. जुन्या बोर्डात बझर असेल तर तो बीप मोजून सांगतो, पण त्याची भाषा प्रत्येक बायोसची वेगळी. त्यासाठी बोर्डाचं मॅन्युअल उघडा.

## बायोसलाच दिसत नाही: काम पेचकसाचं

बायोसला वस्तू दिसत नाही म्हटल्यावर विंडोजचा काहीही दोष नाही. ड्रायव्हर टाकणं, विंडोज नव्याने टाकणं, अँटिव्हायरस चालवणं, सगळं व्यर्थ. दोष करंट, केबल, खाच किंवा खुद्द वस्तूत आहे.

सर्वात जास्त घोळ डिस्कचा असतो. साटा डिस्कला, म्हणजे वायरीने जोडायच्या नेहमीच्या डिस्कला, दोन वायरी जातात, सात पिनांची बारीक डेटाची आणि पंधरा पिनांची रुंद करंटची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. डेटा केबलला लोखंडी क्लिप नसेल तर ती पंख्याच्या थरथरीनेही सैल होते. मग केबल बदलून बघा, मग मदरबोर्डावरचा पोर्ट बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम बदलल्या आणि डिस्क दिसायला लागली, तर दोष केबलमध्ये होता की पोर्टमध्ये, हे कधीच कळणार नाही आणि सडकी केबल खणात जपून ठेवली जाईल. (माझ्या खणात अशा तीन होत्या.)

यात एक खूण फार कामाची आहे. साडेतीन इंची मोठ्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर, म्हणजे पिवळ्या वायरीवर चालते. एसएसडी (चकती नसलेली डिस्क) आणि अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर, म्हणजे लाल वायरीवर. तेव्हा एसएसडी दिसतेय आणि मोठी डिस्क नाही, तर बोट डिस्कवर कान ठेवल्यासारखं ठेवा. थरथर लागते का? काहीच हालचाल नसेल तर १२ व्होल्ट पोचत नाहीत किंवा मोटर गेली. करंटचा दुसरा कनेक्टर लावून बघा. फिरतेय पण दर काही सेकंदांनी ‘टक्, टक्’ असा आवाज येतोय, तर लगेच बंद करा. वाचणारं डोकं आत धडपडतंय. डेटा हवा असेल तर ती डिस्क आता पुन्हा चालू करायची नाही.

जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून साटाची सोय करणारे स्वस्त अडॅप्टर मिळतात. त्यातले ओतीव प्लास्टिकचे मी घरात ठेवत नाही. आतल्या वायरी एकमेकींना चिकटून ते वितळल्याची, पेटल्याचीही उदाहरणं आहेत.

एम-२ डिस्कची, म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या कार्डाची, तऱ्हा निराळी. खाच एकच दिसत असली तरी आत साटा जातीचं कार्ड चालतं की जास्त वेगवान एनव्हीएमई जातीचं, हे बोर्डावर ठरतं. एनव्हीएमईची खाच साटाचं कार्ड ओळखेलच असं नाही. कार्ड तिरकं घालून मग आडवं दाबून पेच लावायचा असतो. पेच नसला तर ते हळूहळू वर उठतं आणि एक दिवस हजेरीतून गळतं. आणि एक चकवा: कित्येक बोर्डांत एम-२ कार्ड लावलं की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद पडतात, कारण दोघांची वाट एकच असते. नवी डिस्क टाकल्याबरोबर जुनी गायब झाली, तर जुनी मेली असं समजू नका. मॅन्युअलमध्ये बंद होणाऱ्या पोर्टांचा तक्ता असतो, तो बघून तिला दुसऱ्या पोर्टावर हलवा.

रॅमबद्दल बोलायचं तर मुंबईच्या हवेला विसरून चालणार नाही. पावसाळ्याचे चार महिने ओलावा, वर माहीम-वर्सोव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत खारा वारा. सोनेरी पट्ट्यांवर मळाचा अदृश्य थर चढतो आणि १६ जीबीची ८ जीबी होते, किंवा मशीन नुसतं बीप करत बसतं. दोन्ही बाजूंचे चाप उघडून पट्टी काढा, पांढऱ्या मऊ खोडरबराने सोनेरी भाग हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, कण ब्रशने झटका. हाताशी आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर खोडरबराऐवजी तेच वापरा. खाचेत तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. पट्टी परत बसवताना चाप ‘टक्’ करून मिटला पाहिजे.

त्यानेही भागलं नाही तर एक पट्टी एका खाचेत असं आळीपाळीने लावून बघा. पट्टी बदलली तरी तीच खाच मुकी राहत असेल तर दोष खाचेत किंवा सीपीयूच्या सॉकेटमध्ये. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला असला किंवा सॉकेटची पिन वाकली असली तरी रॅमची अख्खी बाजू नाहीशी होते. चार खाचांच्या बोर्डात दोन पट्ट्या लावायच्या तर बहुतेक ठिकाणी सीपीयूपासून दुसरी आणि चौथी खाच धरायची.

बायोसला पूर्ण रॅम दिसते आणि विंडोजला कमी, तर ते वेगळं प्रकरण. ३२ बिटांचं घरगुती विंडोज ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. ६४ बिटांचं असेल तर सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण कोणी मारून ठेवली नाही ना, ते बघा. ‘याने मशीन पळतं’ अशा सल्ल्याच्या व्हिडिओंचा तो प्रसाद असतो.

ग्राफिक्स कार्डाबाबत आधी मागे जाऊन बघा, मॉनिटरची वायर कार्डाला आहे की मदरबोर्डाला. हसू नका, झाडलोट करताना वायर निघते आणि सापडेल त्या भोकात जाते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ आहे त्यात अंगचं ग्राफिक्सच नसतं, तेव्हा मदरबोर्डाच्या पोर्टवर काही उमटणार नाही. मग कार्डाची वेगळी करंट वायर बघा. खाचेतून मिळतात ७५ वॅट, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. ही वायर लावायची राहिली तर पंखा फिरतो पण कार्ड हजेरी देत नाही. शेवटचा उपाय, कार्ड काढून पुन्हा बसवणं. जड कार्ड वर्षानुवर्षं एका टोकाला लोंबून खाचेतून किंचित सुटतं. काढताना खाचेच्या टोकाची कडी आधी दाबा, नाहीतर ती तुटून हातात येते.

कीबोर्ड बायोसमध्येच चालत नसेल तर तो मागच्या बाजूच्या यूएसबी २ च्या पोर्टात लावा. ब्लूटूथ कीबोर्ड तिथे बहुधा चालत नाही, तो विंडोज उठल्यावर जागा होतो. पुढचे पोर्ट कॅबिनेटमधल्या लांब वायरीने बोर्डाला जोडलेले असतात. ती वायर निघाली की पुढचे दोन्ही पोर्ट एकदम मरतात आणि लोक पेनड्राइव्हला शिव्या घालतात.

## डिस्क दिसते, पण तिच्यावरून बूट होत नाही

आता काकांची गोष्ट. त्यांच्या बायोसमध्ये स्टोरेजच्या पानावर डिस्कचं नाव स्वच्छ दिसत होतं. बूटच्या यादीत मात्र ती नव्हती. आणि तारीख होती कित्येक वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीची. तारीख बघितली आणि मी काकूंना म्हटलं, ‘चहा टाका, फोटो शाबूत आहेत.’

बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ जपायला मदरबोर्डावर सीआर-२०३२ जातीचा ३ व्होल्टचा बटन सेल असतो. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. प्लगमध्ये करंट असेतोवर स्टँडबायचा पुरवठा घड्याळाला चालवतो, सेलवर ताण येत नाही. गावी जाताना आपण मेन स्विच पाडतो, मग सगळा भार सेलवर. आठ-दहा वर्षांचा म्हातारा सेल तेवढ्यात दम तोडतो. रोज रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करणाऱ्यांच्या घरी तो लवकर संपतो, त्याचं कारणही हेच.

सेल मेला की बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या सेटिंग्जवर येतो. काकांचं विंडोज जुन्या, लेगसी पद्धतीने टाकलेलं, आणि बायोसची मूळ सेटिंग्ज फक्त नव्या, यूईएफआय पद्धतीने बूट करणारी. त्यामुळे डिस्क दिसत होती, पण तिच्यावर बूट करण्यासारखं काही आहे हे बायोसला उमगत नव्हतं. सेल बदलला, तारीख लावली, जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सीएसएम हे सेटिंग चालू केलं, विंडोज उठलं. फोटो सगळे जागच्या जागी.

दुसरा असाच फास साटा मोडचा, म्हणजे बायोस डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो त्या सेटिंगचा. तिथे एएचसीआय आणि रेड किंवा इंटेलचं आरएसटी असे पर्याय असतात. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं होतं तो मोड बदलला की निळी स्क्रीन येते, ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. अशा वेळी विंडोज नव्याने टाकायला घेऊ नका. मोड बदलून दुसरा लावा, विंडोज मुकाट्याने उठतं. म्हणूनच पहिल्या फेरीत फोटो काढायला सांगितले. मशीन चांगलं चालू असतानाच बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवले असतील तर काम दोन मिनिटांचं.

सेलचा संशय असेल आणि मल्टिमीटर असेल तर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. नवा सेल शंभराच्या आत येतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. लिहिलेली, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवायचा.

विंडोज नव्याने टाकताना ‘कुठे टाकू’ या पानावर एकही डिस्क दिसत नाही, हा प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर नेहमीचा. डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये घ्या, ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवा, डिस्क दिसायला लागते.

## विंडोज उठलं, पण त्याला दिसत नाही

इथे पेचकस खाली ठेवा. डिस्कसाठी स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क खालच्या पट्टीत असेल आणि नुसतं ड्राइव्हचं अक्षर नसेल, तर राइट क्लिक करून अक्षर द्या, संपलं. ‘ऑफलाइन’ लिहिलं असेल तर ऑनलाइन करा. पण ‘इनिशिअलाइझ करू का?’ किंवा ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारणारी चौकट आली आणि डिस्कमध्ये तुमचा डेटा असेल, तर कॅन्सल. विंडोजला विभागांचा तक्ता वाचता येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. होकार दिलात तर तो जुन्या तक्त्यावर नवा लिहून मोकळा होईल.

बाकी वस्तूंसाठी डिव्हाइस मॅनेजर. पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक केलं की कोड दिसतो आणि तो कोड खरं बोलतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. २२ म्हणजे कोणीतरी डिसेबल केलंय. १० म्हणजे वस्तू आहे पण चालू होत नाही, बहुधा ड्रायव्हर चुकीचा. ४३ म्हणजे वस्तूनेच आपल्यात बिघाड असल्याचं कळवलं. ४५ म्हणजे पूर्वी जोडलेली होती, आत्ता नाही. हा पंचेचाळीस बघायचा तर व्ह्यू मेन्यूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ चालू करावं लागतं. ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत असेल तर घाबरू नका, कार्ड हजर आहे, ड्रायव्हर रजेवर आहे.

‘अननोन डिव्हाइस’ दिसला तर त्याची जात शोधता येते. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. त्यात व्हीईएन या अक्षरांनंतरची चार चिन्हं कंपनी सांगतात: ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक. मग ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका.

यूएसबीची वस्तू येते-जाते, तर हब काढून ती थेट मागच्या पोर्टात लावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००. बाहेरची हार्डडिस्क पाचशेत कुरकुरते. शिवाय वायर नुसती चार्जिंगची नाही ना, हे बघा. मोबाइलबरोबर आलेल्या वायरींच्या गठ्ठ्यातली एक तरी तशी निघतेच.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. सी-७ या ओळीचा आकडा वाढत असेल तर दोष केबलचा. केबल बदलल्यावर जुना आकडा खाली येत नाही, नुसता वाढायचा थांबतो. ०५ आणि सी-५ वाढत असतील तर डिस्कचाच पृष्ठभाग खराब होतोय.

## साक्षीला लिनक्सचा पेनड्राइव्ह

दोष विंडोजचा की वस्तूचा, हे ठरेना तर तिसऱ्याला विचारा, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत लिनक्सला. दुसऱ्या मशीनवर रुफस या सॉफ्टवेअरने उबुंटू किंवा लिनक्स मिंट (लिनक्सचेच दोन प्रकार) ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर घाला आणि मशीन त्यावरून बूट करा. इन्स्टॉल नाही, ‘ट्राय’ निवडायचं. वायफाय तिथे चाललं आणि विंडोजमध्ये नाही, तर कार्ड चांगलं आहे. डिस्क तिथे दिसली तर फाइली तिथूनच दुसऱ्या ड्राइव्हवर ओढून घेता येतात. ती फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, असं झालं तर तो त्याच फास्ट स्टार्टअपचा उद्योग. विंडोज अर्धवट झोपलेलं असताना लिनक्स त्याच्या डिस्कवर लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच करतं.

## लॅमिंग्टन रोडला जायचंच झालं तर

मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा रस्ता: पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. रॅम घ्यायची तर जुनी पट्टी बरोबर न्या, कारण डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या पिढ्यांच्या पट्टीतली मधली खाच वेगवेगळ्या जागी असते आणि नुसतं ‘८ जीबीची द्या’ म्हटलं की दोन फेऱ्या होतात. एसएमपीएस घेताना बॉक्सवरचा मोठा वॅटचा आकडा बघू नका, १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. वस्तू काउंटरवरच लावून दाखवायला सांगा आणि सीरियल नंबर लिहिलेलं बिल घ्या.

अख्खं मशीन रिपेअरला टाकणार असाल तर डिस्क काढून घरी ठेवली तरी चालते, दोष रॅम किंवा कार्डाचा असेल तेव्हा ती त्यांना लागत नाही. आणि टकटक करणारी डिस्क असेल तर रिपेअरवाल्याकडे नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. जाण्याआधी ‘बघू चालते का’ म्हणून एकदा लावून बघायचा मोह होईल. लावू नका.